पाठवणीचं बटण

परीक्षा झाल्याशिवाय लग्न लावायचं नाही, असा शब्द मच्छिंद्ररावांनी तृप्तीला दिला होता. तो मोडायला अख्खं बदनापूर एकवटलं असतं तरी ते हटले नसते. शेवटी तो मोडायची वेळ आणली ती त्यांनीच लिहिलेल्या प्रोग्रॅमने. साखरपुड्याच्या दिवशी, भरल्या हॉलमध्ये, त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरने त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न लावून टाकलं. या धक्क्यातून ते अजून पुरते सावरलेले नाहीत. अजूनही कुठलं बटण दाबण्याआधी बोटाकडे बघत बसतात.

मच्छिंद्रराव एका खाजगी कॉलेजात हेडक्लार्क. पन्नाशी उलटल्यावर माणसं गुडघ्यांना तेल चोळायला लागतात. हे मोबाईलवर व्हिडिओ बघून प्रोग्रॅम लिहायला शिकले. साधनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सुरुवातीला याकडे दुर्लक्ष केलं. घरात बसून करण्यासारख्या खुळांमध्ये हे तसं स्वस्त होतं.

आता काळ्या खिडकीचं प्रकरण थोडं सांगायला हवं, कारण सगळं पाणी तिथंच मुरलं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक काळी खिडकी असते. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. नुसता हुकूम टाइप करायचा आणि कॉम्प्युटर तो निमूट पाळतो. गाणं लाव म्हटलं की लावतो, फाईल पूस म्हटलं की ‘खरंच का?’ असं न विचारता पुसतो. ज्या माणसाच्या हुकमावर घरात चहासुद्धा होत नाही, त्याला अशा खिडकीची चटक लागली तर नवल नाही. पुढे मच्छिंद्ररावांना कळलं की हुकूम हाताने टाइप करायचीही गरज नाही. आपल्या प्रोग्रॅमच्या आतूनच तो काळ्या खिडकीकडे धाडता येतो. वर दिसायला रंगीत बटण आणि मागे लपलेला हुकूम. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

त्याच सुमारास त्यांचा मित्र राधेश्याम रडत आला. राधेश्यामचं मंगल कार्यालय होतं आणि त्याचं रडगाणं जुनंच होतं. स्टेजचा पडदा ओढायला एक माणूस, गाणी लावायला दुसरा, कागदी फुलांची तोफ उडवायला तिसरा, आणि तिघेही ऐन वेळी जेवायला बसलेले.

‘‘एक बटण,’’ मच्छिंद्रराव म्हणाले आणि एक बोट वर केलं.

महिनाभर ते त्या कामात बुडाले. पडद्याला मोटर बसली, तोफेला वायर जोडली गेली, आणि लॅपटॉपच्या टच स्क्रीनवर सहा बटणं उगवली: शुभारंभ, स्वागत, तोफ, मंगलाष्टक, पाठवणी आणि बंद. प्रत्येक बटणामागे काळ्या खिडकीला दिलेला एक हुकूम. पहिला प्रयोग आपल्याच घरच्या कार्यात करायचा असं त्यांनी ठरवलं, कारण तृप्तीचा साखरपुडा तोंडावर आला होता.

तृप्ती कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. मुलगा हरिओम, वाटूरचा, फाट्यावर ठिबकच्या सामानाचं दुकान. मुलगा बोलायला कमी, पण वागायला चांगला. त्याच्या वाटणीचं सगळं बोलणं त्याचे मामा बोलत. कारभारीमामांचं एकच टुमणं होतं.

‘‘पाव्हणं, साखरपुड्याच्या कुकवातच लग्न उरकून टाका. एकच मांडव, एकच सैपाक, खर्चा वाचतो. आमच्याकडं समदे तसंच करून राह्यले.’’

‘‘पोरीची परीक्षा आहे, मामा.’’

‘‘परीक्षा काय, सासरून देता येती की. वाटूरहून बराबर एसटी हाय.’’

हा संवाद फोनवर, पारावर आणि एकदा तर रसवंतीवर अनोळखी माणसांदेखत झाला. मच्छिंद्रराव दर वेळी तेवढंच ताठ राहिले. सासरी गेल्यावर पुस्तकं फडताळावर कशी चढतात आणि तिथून खाली येत नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या बाबतीत पाहिलं होतं. शेवटी परीक्षेनंतरची तारीख कबूल झाली. आयुष्यात त्यांनी जिंकलेली ही बहुधा पहिलीच बोलणी होती, आणि तो विजय त्यांच्या चालण्यातही दिसायला लागला होता.

प्रोग्रॅम तृप्तीने बघितला आणि एक बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

‘‘पप्पा, ह्याच्यात एक घोळ आहे. तुमचा प्रोग्रॅम हुकूम देतो आणि तो पुरा होईपर्यंत तिथंच उभा राहतो. तेवढ्या वेळात कुणी दुसरी बटणं दाबली तर काही झालेलं दिसणार न्हाई. पण ते दाबणं वाया बी जात न्हाई, रांगेत साचतं. पहिलं काम सुटलं की मंग एकामागं एक सगळं सुटंल.’’

‘‘रांग ही चांगली गोष्ट आहे,’’ मच्छिंद्रराव म्हणाले. त्यांची उभी हयात कॉलेजातल्या फीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेली होती. ‘‘माणूस एकदा बटण दाबील, काम झालेलं बघील, मंग दुसरं दाबील.’’

‘‘आणि ते मंगलाष्टकाचं आणि पाठवणीचं बटण साखरपुड्याला कशाला? काढून टाका ना.’’

‘‘शोभेला असू दे. मोकळी जागा बरी दिसत न्हाई.’’

इथून पुढे शेजारपाजार सुरू झाला. समोरचे सुग्रीवराव, रिटायर्ड तलाठी, ज्यांना गावातल्या कुठल्याही जमिनीवर आणि कुठल्याही विषयावर बोलायचा हक्क असतो, ते येऊन बसले. पडदा नुसता उघडला तर त्यात मजा काय, असं त्यांचं मत पडलं. पडद्याच्या दोन्ही पाखांवरून झेंडूचा एक जाड हार आडवा बांधावा, म्हणजे शोभा येते. हार कच्च्या दोऱ्यात ओवला तर पडदा ओढताच आपोआप तुटतो, असंही ते म्हणाले. मच्छिंद्ररावांना कल्पना आवडली. फूलवाल्याने मात्र साखरपुड्याचं काम म्हणून हार कौतुकाने नायलॉनच्या दोरीत ओवला.

मग लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी एका कचेरीत जावं लागलं. तिथल्या बाबूने अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, ‘‘काय वाजवणार? बँड, ताशा, सनई?’’

‘‘कॉम्प्युटर,’’ मच्छिंद्रराव म्हणाले.

बाबूने वर पाहिलं. छापील अर्जात कॉम्प्युटर नव्हता. बराच विचार करून त्याने ‘इतर वाद्ये’ या रकान्यात ‘कॉम्प्युटर, एक नग’ असं लिहिलं आणि विचारलं, ‘‘वाजवणारा कोण?’’

‘‘तसं कुणी वाजवत न्हाई. मी लिहिलेला प्रोग्रॅम काळ्या खिडकीला हुकूम...’’

‘‘नाव सांगा.’’

अशा रीतीने एका कॉलेजच्या हेडक्लार्कची सरकारदरबारी नोंद झाली: वाजंत्री, मच्छिंद्र. ‘राव’ लावायला रकान्यात जागा नव्हती. ते परवानगीच्या कागदाची चार घड्या घालून घरी आले.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. हॉल भरला. बेत असा होता की पडद्यामागे तृप्ती आणि हरिओम समोरासमोर उभे राहतील, पडदा उघडताच एकमेकांना अंगठी घालतील, आणि मागोमाग बायका तृप्तीची ओटी भरतील. ओटीचे तांदूळ ताटांत घालून बायका पुढच्या रांगेत तयार होत्या. लॅपटॉप खाली, स्टेजसमोरच्या टेबलावर ठेवला होता, फुलं-बिलं वाहून. ही सूचना साधनाबाईंची. वरपक्षाला काहीतरी मान द्यायला हवा, नारळाऐवजी बटण दाबायला देऊ, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा ती किती साधी वाटली होती!

पहिला मान हरिओमच्या आजीला, झुंबरबाईंना. म्हातारी नव्वदीच्या आसपास, पण ताठ. तिने पदर डोक्यावर सारखा केला, लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, आणि मच्छिंद्ररावांनी दाखवलेल्या ‘शुभारंभ’वर बोट दाबलं.

काही झालं नाही.

म्हणजे व्हायला सुरुवात झाली होती. हुकूम काळ्या खिडकीकडे गेला होता, मोटर गुरगुरत होती आणि पडदा नायलॉनच्या हाराशी झुंजत होता. पडदा पुरा उघडला की मोटर ‘झालं’ म्हणून कळवणार होती, आणि प्रोग्रॅम त्या ‘झालं’ची वाट बघत श्वास रोखून उभा होता. हॉलच्या गलक्यात मोटरचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही.

‘‘आजीचं बोट बराबर पडलं न्हाई,’’ कारभारीमामा पुढे सरसावले. ‘‘सरका.’’ त्यांनी ‘स्वागत’ दाबलं. काही नाही. मामांनी बोटाकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. दोनतीनशे माणसांत, भाच्याच्या साखरपुड्यात, त्यांनी दाबलेलं बटण वाजलं नव्हतं.

‘‘आता मी बघतो,’’ हरिओमच्या आत्याचे यजमान, फुफाजी, म्हणाले. मामांचं आणि फुफाजींचं तीन लग्नांपासून वाजलेलं होतं. फुफाजींनी ‘तोफ’ दाबली. ती उडाली नाही, पण फुफाजींना मान मिळाला हे सगळ्यांनी पाहिलं.

‘‘म्हणजे? आम्ही काय फुफाजीच्या बरोबरीचे झालो का?’’ मामा कडाडले. ‘‘एक बटण त्यांना, एकच आम्हाला? आईच्या भावाला?’’

मच्छिंद्रराव हात जोडत पुढे झाले. ते काही बोलायच्या आत मामांनी सगळ्यांत मोठं, लालजर्द बटण निवडलं आणि त्यावर बोट आपटलं. ते मंगलाष्टकाचं होतं.

‘‘मामा, ते न्हाई!’’ मच्छिंद्रराव ओरडले. पण याही वेळी काही झालं नाही. त्यांच्या जिवात जीव आला. तृप्तीने सांगितलेली रांग त्यांना त्या क्षणी आठवली असती तर पुढचं टळलं असतं. पण समोर व्याही खवळलेले असताना बापाला रांग आठवत नाही.

बघता बघता लॅपटॉपची खिडकी पांढुरकी पडली, बटणांवरची अक्षरं विरली. सगळं बंद करावं म्हणून मच्छिंद्ररावांनी अंदाजाने खालच्या शेवटच्या बटणाकडे बोट नेलं. शेवटचं ‘बंद’ होतं आणि त्याच्या आधीचं ‘पाठवणी’. बोट शेवटून दुसऱ्यावर पडलं.

तेवढ्यात राधेश्यामचं लक्ष पडद्याकडे गेलं. ‘‘मच्छिंद्रभाऊ, हारानं आडवलंय!’’ म्हणत तो स्वयंपाकघरातली विळी घेऊन धावत आला आणि हार मधोमध कापला.

पडदा जो उघडला तो खाडकन उघडला. कापलेल्या हाराचे दोन तुकडे पडद्याच्या पाखांबरोबर दोन्ही बाजूंना ओढले गेले. एक हरिओमच्या खांद्यावर पडला, एक तृप्तीच्या. मोटरने ‘झालं’ कळवलं, आणि साचलेली रांग सुटली.

स्वागताची छोटीशी धून वाजली. लोकांनी हौसेने टाळ्या वाजवल्या. धून संपते न संपते तोच तोफ उडाली, कागदी फुलांचा सडा पडला, दोन लहान पोरं भ्याली. आणि मग स्पीकरमधून खणखणीत आवाजात शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. मच्छिंद्ररावांनी रेकॉर्डिंग निवडताना फार चोखंदळपणा केला होता. हॉल आपोआप उभा राहिला. हे शब्द कानावर पडल्यावर बसून राहणारा माणूस या तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे.

‘‘...सावधान!’’

झुंबरबाईंचा हात पहिला गेला. शेजारच्या ताटातले ओटीचे तांदूळ मुठीत आले आणि स्टेजवर पडले. तिच्या मागोमाग ताट असलेल्या सगळ्या बायकांनी टाकले, ज्यांच्याकडे ताट नव्हतं त्यांनी दुसऱ्याच्या ताटातले टाकले. वाजंत्री दणाणली. सुग्रीवरावांनी तर टोपी सावरून वरवधूला नमस्कारही केला. ताटं रिकामी झाल्यावर एकेक हात हवेतच थांबला.

वाजंत्री मात्र थांबेना. मच्छिंद्ररावांनी आवाज कमी करायची कळ शोधली, ती घाईत सापडली नाही. शेवटी राधेश्यामने स्पीकरची वायरच भिंतीतून उपटली. त्या शांततेत कारभारीमामांचा आवाज घुमला.

‘‘अक्षदा पडल्या. लग्न लागलं!’’

मच्छिंद्रराव टेबलाला वळसा घालून पुढे आले. ‘‘मामा, असं कसं? हा तर साखरपुडा. अंतरपाट कुठं होता?’’

‘‘पडदा होता की! लई मोठा होता.’’

‘‘तो पडदा आपल्या आणि त्यांच्यामधी होता. त्या दोघांच्यामधी न्हाई!’’

‘‘हार पडले का न्हाई गळ्यात? मंगलाष्टक झालं का न्हाई? अन् वाजवलं कुणी? तुम्हीच! परवान्यावर वाजंत्री म्हणून नाव तुमचंच हाय, म्या वाचलं ना दारावर.’’ राधेश्यामने तो परवाना नियमाप्रमाणे दारावर डकवला होता. ‘‘नवरीच्या बापानं स्वतः वाजवून दिलेलं लग्न हाय हे. आजच नेतो पोरीला.’’

मच्छिंद्ररावांनी स्टेजकडे बघितलं. तृप्तीच्या केसांत तांदूळ अडकले होते आणि ती त्यांच्याचकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसता प्रश्न होता, आणि तो फार वाईट होता. मी दिलेला शब्द मीच लिहिलेल्या हुकमाने मोडला, हे त्यांच्या आतपर्यंत गेलं. पहिल्यांदाच त्यांना त्या काळ्या खिडकीची भीती वाटली. ती ‘खरंच का?’ असं कधी विचारतच नाही.

‘‘गुरुजींना विचारा,’’ साधनाबाई म्हणाल्या. त्या एकट्याच शुद्धीवर होत्या.

गुरुजी दोन्हीकडून दक्षिणा घेऊन बसले होते, त्यामुळे त्यांची फार ओढाताण झाली. शास्त्राला दोन बाजू असतात, एवढं बोलून ते थांबले. मग निर्णय सगळ्यांना ऐकू जायला हवा म्हणून त्यांनी माइक मागितला. राधेश्यामने स्पीकरची वायर पुन्हा भिंतीत खोचली.

गुरुजींनी घसा साफ केला, आणि स्पीकरमधून सनई वाजली.

आत रांग पुढे सरकतच होती. वाजंत्री संपून शेवटच्या हुकमाची पाळी आली होती. मच्छिंद्ररावांनी स्वतःच्या बोटाने दिलेला हुकूम. पाठवणीची सनई, अगदी सावकाश वाजणारी. ही निवडतानाही त्यांनी चोखंदळपणा केला होता.

आधी मागच्या रांगेतल्या बायका रडल्या. मग पुढच्या. ज्यांच्या मुली सासरी होत्या त्या रडल्या, ज्यांच्या नव्हत्या त्याही रडल्या. आणि मग हॉलमध्ये एक आवाज असा उठला की सगळ्यांनी वळून बघितलं. मच्छिंद्रराव लॅपटॉपवर डोकं टेकून हमसून हमसून रडत होते. हेडक्लार्क, चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट, सगळं विसरून रडत होते. आपल्याला असं रडता येतं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

तृप्ती स्टेजवरून उतरून आली. तिने त्यांचा चष्मा उचलला, पदराने पुसला. ‘‘पप्पा, मी कुठं चालले? परवा प्रॅक्टिकल आहे माझं.’’

हरिओम तिच्या मागेच आला होता. तो मामांकडे वळला आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला. ‘‘मामा, मी बी शब्द दिल्ता तिला.’’

मामांनी तोंड उघडलं, पण झुंबरबाईंनी काठी आपटली.

‘‘गप रे कारभारी. पह्यल्या अक्षदा म्या टाकल्या. परत टाकीन. तांदूळ सरले का जगातले? अन् बाप बघ कसा रडून राह्यला. ह्याच्या हातातून आज पोरगी ओढून नेली तर ती माझ्या चुलीपुढं बसून रडंल, अन् ते मलाच बघावं लागंल. न्हाई जमायचं. परीक्षा होऊ दे.’’

‘‘पण आजी, माझा मान...’’

‘‘लग्नात पह्यलं बटन तुझं. फुफाजीच्या आधी.’’

मामांनी एकदा फुफाजींकडे बघितलं. मग त्यांनी रुमालाने डोळे पुसले. सनई लागल्यापासून ते कधीचे भरले होते. ‘‘मंग बिलकुल हरकत न्हाई,’’ ते म्हणाले. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकून माइक ठेवला, बायका नवे तांदूळ आणायला आत गेल्या, आणि राहिलेला साखरपुडा सुरळीत पार पडला.

नंतर काही दिवस गावात मच्छिंद्ररावांना लोक वाजंत्री म्हणत होते. सुग्रीवरावांचा हाराबाबतचा सल्ला बरोबरच होता, दोरी चुकली, असं सुग्रीवराव सांगत होते. तृप्तीला शेजारी बसवून मच्छिंद्ररावांनी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता तो हुकूम देऊन खोळंबत नाही, साचलेली रांग पुसतो, आणि मंगलाष्टकाआधी तीनदा ‘खरंच का?’ असं विचारतो.

‘‘आता सगळी बटणं एकदा तपासून बघ,’’ ते म्हणाले आणि चहा आणायला स्वतः उठले.

तृप्तीने एकेक दाबून पाहिलं. मग पाठवणीच्या बटणावर दोनतीनदा दाबलं. काही झालं नाही. तिने त्याच्यामागचा हुकूम उघडला. तिथली ओळ कोरी होती.

‘‘पप्पा,’’ ती आतल्या खोलीकडे बघत म्हणाली, ‘‘हे पाठवणीचं बटण चालत न्हाई.’’

आतून कपबशीचा आवाज आला.

‘‘असू दे,’’ मच्छिंद्रराव म्हणाले. ‘‘त्याला अजून अवकाश आहे.’’